वेअरहाऊस हलवताना एका वेळी एकच गोष्ट बदला

प्रश्न : आमचं डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी सगळा डेटा एकत्र साठवणारा डेटाबेस, ओरॅकलवर आहे. साधारण १२ टीबी डेटा, ७०० टेबल्स, रात्रीचे ४०० जॉब आणि दीडशेच्या आसपास रिपोर्ट. बरंचसं गणित पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेतल्या प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) आहे. हे सगळं स्नोफ्लेक या क्लाउडवरच्या वेअरहाऊसवर न्यायचं ठरलंय. ओरॅकलच्या कराराचं नूतनीकरण नऊ महिन्यांवर आलंय आणि त्याआधी काम संपवा, असं वरून सांगणं आहे. टीममध्ये दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, एवढं हलवतोच आहोत तर मॉडेलही (टेबलांची रचना) नव्यानं बांधू. दुसऱ्याचं, आहे तसंच नेऊ. कोणाचं ऐकायचं? नवे आकडे बरोबर आहेत हे दाखवायचं कसं? आणि जुनं नक्की केव्हा बंद करायचं?

उत्तर : दुसऱ्या तटाचं ऐका. मॉडेल आत्ता बदलू नका.

कारण अगदी व्यवहाराचं आहे. पॅरलल रनमध्ये, म्हणजे दोन्ही वेअरहाऊस सोबत चालत असताना, जुन्या आणि नव्या रिपोर्टचे आकडे जुळणार नाहीत, हे आत्ताच गृहीत धरा. फक्त प्लॅटफॉर्म बदललेला असेल, तर फरकाचं कारण डेटाटाइपमध्ये, एखाद्या फंक्शनच्या वागण्यात नाहीतर लोडमध्ये सापडतं. सोबत मॉडेलही बदललं आणि ‘रद्द ऑर्डर विक्रीत धरायची नाही’ असा एखादा नियमही सुधारून घेतला, तर त्याच फरकाला तीन संशयित मिळतात. एक फरक शोधायला तासाऐवजी आठवडा जातो, आणि असे फरक शेकड्यानं निघतात. नव्या मॉडेलची हौस नव्या घरात गेल्यावर भागवा.

हाच नियम चुकांनाही लावा, जरी तो पचायला जड असला तरी. जुन्या प्रोसिजरमध्ये चूक सापडली तर ती चुकीसकट हलवा, नोंदवहीत लिहा आणि कटओव्हरनंतर, म्हणजे काम कायमचं नव्या बाजूला गेल्यावर, दुरुस्त करा. वाटेत दुरुस्त केलीत की जुना आकडा ताळ्यासाठी निरुपयोगी झाला. याला अपवाद म्हणजे जे स्नोफ्लेकवर तसंच्या तसं चालणारच नाही ते. इंडेक्स आणि हिंट्स (क्वेरी वेगानं चालावी म्हणून ओरॅकलमध्ये केलेल्या सोयी) गळून पडतात. कर्सर लावून एकेक ओळ अपडेट करणाऱ्या प्रोसिजर तिथे रखडतात, त्या सगळ्या ओळी एकदम बदलणाऱ्या एका मर्ज आज्ञेत लिहाव्या लागतात. रूपांतर करणारी साधनं वाक्यरचना बदलून देतात, पण असा लूप ती लूप म्हणूनच ठेवतात. तेव्हा ‘टूल ऐंशी टक्के कोड बदलून देईल’ असं कोणी सांगितलं, तर उरलेल्या वीस टक्क्यांत कोणत्या प्रोसिजर आहेत ते विचारा. बहुधा महिनाअखेरीच्या त्याच असतात.

पहिले सहा आठवडे यादीला द्या. ७०० टेबल्सपैकी कोणती खरंच वाचली जातात हे कुणाच्या आठवणीवर सोडू नका, लॉगमधून काढा. इथे एक मेख आहे. ओरॅकलचं एडब्ल्यूआर (डेटाबेसच्या कामगिरीची नोंद) मूळ सेटिंगमध्ये फक्त ८ दिवसांचा इतिहास ठेवतं, आणि त्यातही जड क्वेरीच येतात. (ते वापरायचा परवाना वेगळा लागतो, तो आहे का तेही बघून घ्या.) त्यामुळे ऑडिटिंग आजच सुरू करा आणि जोडीला रिपोर्टिंग टूलचा स्वतःचा वापराचा लॉग काढा. तो सहसा जास्त मागे जातो. १३ महिन्यांचा मिळाला तर उत्तम, कारण वर्षअखेरीला एकदाच चालणारा रिपोर्ट त्यातच दिसतो. ओडीबीसीनं (डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यानं) थेट जोडलेल्या एक्सेल फाइल्स मात्र कोणत्याच अधिकृत यादीत नसतात. त्या लॉगइनच्या नोंदींत प्रोग्रॅमच्या नावावरून शोधाव्या लागतात. प्रत्येक रिपोर्टपुढे एका माणसाचं नाव हवं, विभागाचं नव्हे. ज्या रिपोर्टला मालक सापडत नाही तो हलवायचा नाही. यादी जितकी लहान होईल तितकं पुढचं सगळं स्वस्त.

याच टप्प्यावर टेबल्सचे दोन गट पाडा : जी मूळ सिस्टीममधून पुन्हा बनवता येतात ती, आणि जी येत नाहीत ती. ग्राहक डायमेन्शनमध्ये (ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या टेबलात) ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हा पत्ता’ असा जपलेला इतिहास मूळ सिस्टीममध्ये नसतो, तिथे आजचाच पत्ता असतो. अशी टेबल्स ओळ न् ओळ उचलून न्यायची. सरोगेट की (वेअरहाऊसनं ओळीला दिलेले स्वतःचे क्रमांक) नव्यानं तयार करू नका, जुन्याच ठेवा आणि हे क्रमांक देणारा नवा सिक्वेन्स जुन्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या बराच पुढून सुरू करा. की बदलल्या तर दहा वर्षांच्या फॅक्ट टेबलमधल्या (व्यवहार साठवणाऱ्या टेबलमधल्या) ओळी चुकीच्या ग्राहकाला जाऊन चिकटतील आणि एकूण बेरीज मात्र तंतोतंत जुळेल.

डेटा वाहून नेणं हा लोकांना मोठा भाग वाटतो, प्रत्यक्षात तो छोटा आहे. १२ टीबी म्हणजे १ गिगाबिटच्या लाइनवर पूर्ण वेगानं सुमारे २७ तास. निम्मा वेग मिळेल असं धरा, म्हणजे सव्वादोन दिवस. पार्के किंवा जीझिप स्वरूपात कॉम्प्रेस करून नेलात तर त्याहून बरेच कमी. २०० मेगाबिटचीच लाइन असेल, तर पूर्ण वेगानंही साडेपाच दिवस लागतील. मग एक तर कॉम्प्रेशन, नाहीतर डिस्क भरून पाठवणं. स्नोफ्लेकमध्ये चढवायला कॉम्प्रेस केलेल्या १०० ते २५० एमबीच्या फाइल्स पाडा. एकच ८० जीबीची फाइल दिलीत तर समांतर लोड होत नाही, आणि लाखो चिटुकल्या फाइल्स दिल्यात तर फाइल्स सांभाळण्यातच वेळ जातो. मोठं टेबल एका दमात काढायला गेलात आणि मध्ये रात्रीचे जॉब सुरू झाले, की ओआरए-०१५५५, ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ ही एरर येते. म्हणून बंद झालेल्या महिन्यांची पार्टिशन्स (टेबलाचे महिनावार तुकडे) आधी, एकेक करून, आणि चालू महिना रात्रीचं लोड संपल्यावर. एक्सपोर्ट करणाऱ्या मशिनवर एनएलएस_लँग हे भाषेचं आणि अक्षरसंचाचं सेटिंग चुकीचं असेल, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं जातात. पहिल्याच फाइलला ते डोळ्यांनी तपासा.

रोजच्या बदलांसाठी ‘शेवटचा अपडेट कधी’ या कॉलमवर विसंबलात, तर डिलीट झालेल्या ओळी नव्या बाजूला तशाच राहतात. ती ओळ उडालेली असते, तिचा कॉलम अपडेट होणार कसा? एक तर लॉगवरून बदल टिपणारं साधन वापरा, नाहीतर आठवड्यातून एकदा फक्त की आणून दोन्हीकडच्या ताडून बघा.

पॅरलल रनमध्ये फार टीम चुकतात ती जागा आता. जुनं वेअरहाऊस रात्री एक वाजता मूळ सिस्टीममधून डेटा उचलतं, नवं तीन वाजता उचलतं, आणि मधल्या दोन तासांतले व्यवहार एकीकडे दिसतात, दुसरीकडे नाहीत. दोन्ही आकडे खरे, तरी जुळत नाहीत. उपाय असा, की मूळ सिस्टीममधून एकदाच उचला, फाइल एका जागी उतरवा आणि त्याच फाइलमधून दोन्ही वेअरहाऊस भरा. यासाठी जुन्या लोडची सुरुवात थोडी बदलावी लागेल, पण तेवढं काम करण्यासारखं आहे. मूळ सिस्टीमवर दुप्पट भारही पडत नाही.

ओरॅकलहून स्नोफ्लेककडे जाताना पुढचे फरक हमखास निघतात. ते आधीच ठाऊक असतील तर अर्धं काम वाचतं.

ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये तास, मिनिटं, सेकंद असतात. स्नोफ्लेकच्या ‘डेट’मध्ये फक्त तारीख. नाव सारखं म्हणून टाइप तोच ठेवला की वेळ गळते, आणि ‘दिवसातला शेवटचा व्यवहार’ शोधणारी प्रत्येक क्वेरी भलतंच उत्तर देते. टाइमस्टॅम्प_एनटीझेड (तारीख आणि वेळ, टाइमझोनशिवाय) वापरा.

ओरॅकलमध्ये नुसतं ‘नंबर’ लिहिलं तर दशांश साठवता येतात. स्नोफ्लेकमध्ये नुसतं ‘नंबर’ म्हणजे ३८ अंकी पूर्णांक, दशांशाची जागा शून्य. १२.७५ चे १३ होतात आणि कुठलीही एरर येत नाही. म्हणून असा प्रत्येक कॉलम आधी तपासून त्यात प्रत्यक्षात किती दशांश आहेत ते काढा आणि टाइप स्पष्ट लिहा. फ्लोटचा (दशांश अंदाजे साठवणाऱ्या टाइपचा) सोपा मार्ग पैशांच्या कॉलमला चालत नाही.

ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल (किंमतच नसणं) यांत भेद करत नाही, स्नोफ्लेक करतं. नुसत्या स्पेस असलेल्या फील्डला ट्रिम लावलं की ओरॅकलमध्ये नल मिळतो, स्नोफ्लेकमध्ये रिकामी स्ट्रिंग; मग ‘इज नल’ची अट त्या ओळी पकडत नाही. जोडणीत याच्या उलट होतं. ओरॅकलमध्ये नाव, मधलं नाव आणि आडनाव जोडताना मधलं नाव नल असेल तर ते नुसतं वगळलं जातं. स्नोफ्लेकमध्ये अख्खं नावच नल होतं. अशा ठिकाणी कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावावं लागतं.

भागाकार हा सर्वांत फसवा. स्नोफ्लेकमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार सहा दशांशांवर थांबतो : १/३ म्हणजे ०.३३३३३३. ओरॅकल अडतीसेक अंकांपर्यंत जातं. आता ‘हिस्सा भागिले एकूण, गुणिले रक्कम’ असं सूत्र असेल आणि रक्कम ९ कोटी असेल, तर ओरॅकल ३ कोटी देईल आणि स्नोफ्लेक २,९९,९९,९७०. खर्च वाटपाच्या रिपोर्टमध्ये हे हटकून दिसतं. आधी गुणा, मग भागा.

तारखांची वजाबाकी ओरॅकलमध्ये दिवसांचा अपूर्णांक देते. रात्री ११:५९ ते १२:०१ म्हणजे ०.००१४ दिवस. त्या जागी स्नोफ्लेकचं डेटडिफ घातलं की उत्तर १ दिवस, कारण ते किती वेळा मध्यरात्र ओलांडली एवढंच मोजतं. देय मुदतीचे आणि व्याजाचे रिपोर्ट यात सापडतात. तसंच अॅड_मंथ्सच्या जागी डेटअॅड टाकू नका. लीप नसलेल्या वर्षी २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवला की पहिलं ३१ मार्च देतं, दुसरं २८ मार्च.

सिसडेट (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) दोन्हीकडे आहे, अर्थ वेगळा. ओरॅकलमध्ये ती सर्व्हरची घड्याळवेळ, स्नोफ्लेकमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. शिवाय स्नोफ्लेक अकाउंटचा मूळ टाइमझोन लॉस एंजेलिसचा असतो, तो पहिल्याच दिवशी बदलून ठेवा. नाहीतर ‘आजची विक्री’ दिवसातले काही तास कालची असेल.

आणि प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख. स्नोफ्लेकच्या नेहमीच्या टेबलांवर ती लिहिता येते, पण पाळली जात नाही, पाळलं जातं ते फक्त नॉट नल. तोच जॉब दोनदा चालला की ओळी दुप्पट आणि एररही नाही. जुन्याकडे जे काम डेटाबेस करत होता ते आता तुमच्या चाचणीनं करायचंय : प्रत्येक लोडनंतर की-वर ग्रुप बाय, एकाहून जास्त सापडल्या तर जॉब थांबवा. रो_नंबर लावून (ओळींना क्रमांक देऊन) डुप्लिकेट काढणाऱ्या क्वेरीत क्रम पूर्ण ठरलेला आहे ना तेही बघा. दोन ओळींची तारीख एकच असेल तर कोणती राहील हे आजवर केवळ योगायोगानं एकसारखं येत असेल. क्रमाच्या शेवटी एखादी युनिक की जोडली की प्रश्न मिटतो, फक्त ती जोडणी दोन्ही बाजूंना करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ताळा चार थरांत घ्या. आधी ओळींची संख्या, पण महिन्यागणिक. एकूण संख्या जुळली म्हणून समाधान मानू नका. मग प्रत्येक अंकी कॉलमची बेरीज, प्रत्येक कॉलममधले नल किती, वेगळ्या किमती किती, सर्वांत लहान आणि मोठी किंमत. बहुतेक चुका इथेच सापडतात. ज्या पार्टिशनमध्ये फरक निघाला तिथेच ओळनिहाय हॅश (ओळीतल्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढा. दोन डेटाबेसची आपापली हॅश फंक्शन्स एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एमडी५ वापरा. तारखा आणि आकडे आधी एकाच ठरावीक स्वरूपात स्ट्रिंग करून घ्या आणि शेवटी निकाल एकाच केसमध्ये आणा, कारण ओरॅकलकडून तो मोठ्या लिपीत येतो आणि स्नोफ्लेककडून लहान. चौथा थर म्हणजे रिपोर्टच्या पडद्यावरचा आकडा, तो ज्याचा रिपोर्ट आहे त्या माणसानं बघायचा.

हे चारही थर रोज आपोआप चालले पाहिजेत. हातानं तुलना केली की पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तिसऱ्यात कोणी बघत नाही.

किती फरक चालेल हे ताळा सुरू करण्याआधी कागदावर घ्या. पैशांच्या बेरजेत शून्य. सरासरी आणि टक्केवारीत चौथ्या दशांशानंतरचा फरक मान्य. आधी ठरवलं नाही तर कटओव्हरच्या आदल्या संध्याकाळी ‘एवढा चालतो हो’ असं कोणीतरी म्हणतं आणि त्यावर सही होते. प्रत्येक फरकाची नोंद ठेवा : कुठे, किती, कारण काय, चूक कोणत्या बाजूची, कोणी मान्य केलं. काही वेळा नवं बरोबर आणि जुनं चूक निघतं. तेव्हा वित्त विभागातल्या माणसाची लेखी संमती नसेल, तर खरा आकडाही तुमच्यावरच शेकतो.

पॅरलल रन किती दिवस, हे दिवसांत मोजू नका. त्यात दोन महिनाअखेरी आणि एक तिमाही यायला हवी. वर्षअखेर त्या काळात येत नसेल, तर मागच्या वर्षअखेरीचा डेटा घेऊन ती प्रक्रिया नव्या बाजूला एकदा पूर्ण चालवून बघा. चाचणीआधी टेबलांचा क्लोन करून ठेवलात की बिघडलं तरी क्षणात मागे जाता येतं. क्लोनला सुरुवातीला वेगळी जागाही लागत नाही.

नऊ महिन्यांचं गणित उलटं करा. शेवटचे दोन महिने जुनं वेअरहाऊस नुसतं राखीव म्हणून उभं असलं पाहिजे, म्हणजे शेवटचा विषय (विक्री, साठा असा टेबल्स-रिपोर्टचा एक गट) सातव्या महिन्याअखेर हललेला हवा. सगळं एका रात्रीत हलवू नका, विषयवार न्या. पहिला विषय ना सर्वांत सोपा, ना सर्वांत महत्त्वाचा. ज्यात एक मोठं फॅक्ट टेबल, एक इतिहास जपणारं डायमेन्शन आणि एक किचकट प्रोसिजर आहे असा निवडा, साठा किंवा खरेदी सहसा चालतं. तो चौथ्या महिन्याअखेर सहीसकट पूर्ण झाला नाही, तर उरलेले विषय सातव्यापर्यंत होत नाहीत. तेव्हा चौथ्या महिन्याअखेरची एक तारीख आत्ताच वरिष्ठांकडून ठरवून घ्या : त्या दिवशी ओरॅकलला थोड्या मुदतीची वाढ मागायची की नाही, हा निर्णय होईल. नवव्या महिन्यात मागितलेली वाढ फार महाग पडते. जो विषय हलतोय त्याच्या जुन्या कोडमध्ये त्या काळात बदल बंद. अगदीच टळला नाही, तर तो दोन्हीकडे आणि त्याच दिवशी.

४०० जॉबच्या वेळापत्रकाकडे संशयानं बघा. ‘हा अडीचला सुरू होतो’ याचा खरा अर्थ ‘तो आधीचा सव्वादोनपर्यंत संपतो’ असा असतो, आणि हे कुठेही लिहिलेलं नसतं. नव्या बाजूला वेळा कॉपी करू नका, अवलंबन लिहा.

खर्चाबद्दल थोडंच, कारण तो आटोक्यात ठेवणं अवघड नाही. स्नोफ्लेकमधलं कॉम्प्युट वेअरहाऊस (क्वेरी चालवणारी यंत्रणा, डेटाचा साठा नव्हे) सेकंदावर आकारतं, पण दर वेळी जागं झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतात, आणि एक आकार वाढवला की दर दुप्पट होतो. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश होणारा डॅशबोर्ड ते रात्रभर झोपूच देत नाही. लोड, रिपोर्ट आणि विश्लेषक यांची कॉम्प्युट वेअरहाऊस वेगळी ठेवा, ऑटो-सस्पेंड लावा आणि रिसोर्स मॉनिटरनं मर्यादा घाला. रोज पुसून भरली जाणारी स्टेजिंग टेबल्स (डेटा तात्पुरता उतरवायची) ट्रान्झियंट या प्रकारची करा. नाहीतर पुसलेल्या डेटाचे फेल-सेफमधले (डेटा परत मिळवण्यासाठी स्नोफ्लेक राखून ठेवतं ते) सात दिवस तुमच्या बिलात साचतात.

शेवटचा प्रश्न, जुनं कधी बंद करायचं. एखाद्या विषयाचा कटओव्हर झाला की त्याचं जुनं लोड लगेच थांबवू नका. पुढची एक महिनाअखेर पार पडेपर्यंत चालू ठेवा, कारण मागे फिरायचं झालं तर तोच रस्ता आहे. मग लोड थांबवा आणि टेबलं फक्त वाचण्यापुरती ठेवा. त्यानंतर एकेका युजरचा प्रवेश काढा आणि लॉगइनची नोंद बघत राहा. यादीत नसलेली एक्सेल फाइल इथे हमखास उगवते. शेवटच्या पाच-सात रिपोर्टचं भिजत घोंगडं पडतं. त्यांना एक तारीख द्या आणि त्या दिवशी प्रवेश काढा, मालक आपोआप समोर येतो.

सर्व्हर बंद करण्याआधी नुसता ओरॅकलचा बॅकअप घेऊन समाधान मानू नका. पाच वर्षांनी लेखापरीक्षकानं जुना आकडा मागितला, तर तो बॅकअप उघडायला पुन्हा ओरॅकल उभं करावं लागेल. कायद्यानं जपून ठेवायची टेबल्स पार्केमध्येही काढा, त्यातली दोन-तीन वाचून ताळा घ्या, आणि न हलवलेल्या टेबलांचाही त्यात विचार करा. आणि हे सगळं आखण्यापूर्वी करारातली नोटिशीची अट वाचा. नूतनीकरण नको असल्याची सूचना नूतनीकरणाच्या तारखेच्या कितीतरी आधी द्यावी लागते. तुमची मुदत नूतनीकरणाच्या नव्हे, या सूचनेच्या तारखेपासून उलटी मोजा.